पृथ्वीचा गोल आणि आप्तवाक्य : सिहोरच्या एका मराठी वादाचा पुनर्विचार

विज्ञान आणि धर्म यांच्यातील वादांचा विचार करताना आपण बहुधा दोन ठरीव पक्ष गृहीत धरतो. एका बाजूस बुद्धी, निरीक्षण आणि आधुनिकता. दुसऱ्या बाजूस श्रद्धा, ग्रंथ आणि परंपरा. आजच्या सार्वजनिक वादांतही हीच मांडणी दिसते. लशीचा प्रश्न असो, उत्क्रांतीचा असो की प्राचीन भारतातील शोधांचा, वक्ता कोणत्या गोटातला आहे हे आधी ठरते आणि त्याचे म्हणणे मागाहून ऐकले जाते; तेही ऐकले गेलेच तर. या मांडणीत एक महत्त्वाची गोष्ट झाकली जाते. बहुतेक श्रोत्यांना वादविषयाची स्वतः परीक्षा करणे शक्य नसते. त्यांच्यापुढचा खरा प्रश्न ‘सत्य काय’ हा नसून ‘कोणाचे ऐकावे’ हा असतो. आपल्या शास्त्रपरंपरेत या प्रश्नाला स्वतंत्र स्थान होते आणि त्याचे नाव होते आप्तविचार. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठी गद्य नुकते छापखान्यात शिरत असताना हा आप्तविचार एका वादात कसा पणाला लागला, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

या वादाचे उगमस्थान पुणे नव्हे, मुंबईही नव्हे. ते आहे माळव्यातील सिहोर. भोपाळ दरबाराकडे नेमलेले इंग्रज पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन येथे राहत. संस्कृत पाठशाळेत त्यांना विशेष रस होता आणि भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’चा त्यांनी कसून अभ्यास केला होता. १८३४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी एक लेख लिहिला. एतद्देशीयांना नवे ज्योतिष आणि भूगोल शिकवायचा असेल तर त्यांच्याच सिद्धान्तग्रंथांपासून आरंभ करावा, कारण स्वतःच्या आचार्यांच्या मुखातून आलेले सत्य त्यांना पटेल, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढल्याच वर्षी, १८३५ मध्ये, मेकॉले यांचे शिक्षणविषयक टिपण आले. त्यात काकवीच्या आणि लोण्याच्या समुद्रांनी भरलेल्या हिंदी भूगोलाची यथेच्छ टवाळी होती. पुराणांतील भुवनकोश हीच भारतीय ज्ञानाची सीमा, असे मेकॉले यांनी धरून चालले होते. पुराणांना ओलांडून गेलेले एक समर्थ शास्त्र याच भूमीत उभे होते, याची साक्ष वर्षापूर्वीच त्यांच्याच एका देशबांधवाने छापली होती. टिपण जिंकले, लेख मागे पडला. शिक्षणाच्या इतिहासात याची नोंद तळटीपेपुरतीच होत आली आहे, आणि ते योग्य नाही असे मला वाटते.

विल्किन्सन यांच्या प्रेरणेने सिहोरचे महाराष्ट्रीय पंडित सुबाजी बापू यांनी मराठीत ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ लिहिला. तो १८३६ च्या सुमाराचा आहे. पुराणांचा भूगोल, सिद्धान्तकारांचा भूगोल आणि कोपर्निकसचा सिद्धान्त या तिन्ही मतांची तुलना हा त्याचा विषय. पुराणांप्रमाणे पृथ्वी विस्तीर्ण आणि सपाट. मध्ये मेरू, भोवती सात द्वीपे आणि खारे पाणी, इक्षुरस, सुरा, घृत, दधी, दुग्ध व शुद्धोदक यांचे सात समुद्र. व्याप्ती पन्नास कोटी योजने. भागवताच्या पंचम स्कंधाप्रमाणे चंद्र सूर्याच्याही एक लक्ष योजने वर आहे. सिद्धान्तांत पृथ्वी निराधार गोल आहे आणि भास्कराचार्यांच्या गणिताने तिचा परीघ ४९६७ योजने भरतो. चंद्र येथे सूर्याच्या खाली येतो. तो तसा नसेल तर सूर्यग्रहणाची उपपत्तीच लागणार नाही.

‘गोलाध्याया’तील भास्कराचार्यांची युक्तिवादशैली या वादाच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी आहे. पृथ्वीला शेषाचा किंवा कूर्माचा आधार मानला तर त्या आधाराला दुसरा आधार हवा, त्याला तिसरा. कोठे तरी स्वशक्तीने राहणारे काही मानावेच लागेल, तर मग ते पहिल्याच ठिकाणी, पृथ्वीच्याच बाबतीत का मानू नये? पृथ्वी सपाट का भासते? तर परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो आणि पृथ्वीच्या मानाने मनुष्य अत्यंत लहान आहे. येथे कोणाच्याही शब्दावर भिस्त ठेवावी लागत नाही. वाचक ओसरीवर बसल्या बसल्या हा विचार स्वतः करून पाहू शकतो. सुबाजी बापूंना आणि त्यांच्या आश्रयदात्याला हेच साधन हवे होते.

मात्र या साधनातच एक अडचण होती. भास्कराचार्यांची पृथ्वी गोल असली तरी स्थिर आहे; सूर्य तिच्याभोवती फिरतो. म्हणजे वाचकाला दोन पायऱ्या चढावयाच्या होत्या. पहिली पुराणांकडून सिद्धान्ताकडे, आणि ती भास्कराचार्यांचे बोट धरून. दुसरी सिद्धान्ताकडून कोपर्निकसकडे, आणि येथे तेच बोट सोडावयाचे. ज्या आचार्याच्या अधिकारावर पुराणमत बाजूस सारले, त्याचाच अधिकार पुढल्या पानावर नाकारायचा! पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आर्यभटाने ४९९ च्या सुमारास सांगितले होते, पण ब्रह्मगुप्ताने त्याचे खंडन केले आणि परंपरा ब्रह्मगुप्ताबरोबर गेली. स्वकीय आचार्याच्या विश्वासावर परकीय सत्य पोचविण्याची विल्किन्सन यांची योजना पहिल्या पायरीवर जितकी भक्कम होती, तितकीच दुसरीवर डळमळीत होती.

या ग्रंथाला पुण्याहून उत्तर आले. उत्तर देणारे यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे हे कसलेले ज्योतिषी होते. पृथ्वीच्या गोलत्वाचे गणित त्यांना ठाऊक नव्हते असे कोणी म्हणणार नाही. ‘अविरोधप्रकाश’ या त्यांच्या ग्रंथाचे शीर्षकच त्यांची भूमिका सांगते : ज्योतिष आणि पुराण यांत विरोध नाही. सुबाजी बापूंनी त्यावर ‘अविरोधप्रकाशविवेक’ लिहून प्रत्युत्तर दिले. प्रतिपक्षाच्या ग्रंथाचे नाव जसेच्या तसे ठेवून त्याला केवळ ‘विवेक’ हा शब्द जोडणे, यात जी शालीन बोच आहे ती खंडनमंडनाच्या परंपरेत वाढलेल्या माणसालाच सुचावी.

अविरोधवादाला आज आपण सहज हसतो. परंतु हा वाद १८३७ मध्ये अचानक उपजलेला नव्हता. पुराणे दुसऱ्या कल्पातील सृष्टीचे वर्णन करतात, त्यांचे योजन निराळे, त्यांचे वर्णन उपासनेसाठी, अशा अनेक उपपत्ती तीन-चारशे वर्षे मांडल्या जात होत्या. किंबहुना त्यांची सुरुवात सिद्धान्तकारांनीच केली होती. भास्कराचार्यांनी मेरूला उत्तर ध्रुवावर बसविले, लवणसमुद्र विषुववृत्तावर ठेवला आणि उरलेली सहा द्वीपे व समुद्र दक्षिण गोलार्धात रचले. ग्रहण पृथ्वीच्या छायेमुळे होते हे गणिताने सिद्ध करून झाल्यावर, ब्रह्मदेवाच्या वराने राहू त्या छायेत प्रवेश करतो अशी तडजोडही त्यांनी केली आहे. मेकॉले ज्या समुद्रांना हसले ते समुद्र भास्कराचार्यांनी पाच हजार योजनांच्या गोळ्यावर दाटीवाटीने का होईना सामावून घेतले होते. तेव्हा सुबाजी बापू आणि बाबा जोशी रोडे हे दोघेही भास्कराचार्यांचेच वारस ठरतात. एकाने त्यांचा तर्क घेतला, दुसऱ्याने त्यांचे सौजन्य.

याला आणखी एक, अधिक व्यावहारिक, बाजू आहे. महाराष्ट्रात घरोघरी चालणारे पंचांग गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघवा’वरून होत असे. हा ग्रंथ १५२० चा, कोकणातील नांदगावचा. त्यातील ग्रहणगणित पृथ्वीच्या छायेच्या मापावर उभे आहे. म्हणजे गावचा जोशी ग्रहणाचा स्पर्श आणि मोक्ष काढताना पृथ्वी गोल धरीत असे. आणि त्याच ग्रहणात नदीवर स्नानाला आलेल्या यजमानाला तो राहूची कथा सांगत असे. याला दांभिकपणा म्हणणे सोपे आहे. माझ्या मते ही ज्ञानाची वाटणी होती : गणित अधिकाऱ्यासाठी, कथा सर्वांसाठी. ही वाटणी हस्तलिखितांच्या जगात टिकली, कारण पोथी कोणाच्या हाती जावी हे गुरू ठरवीत असे. छापील मराठी पुस्तकाने ही व्यवस्था मोडली. ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ यजमानालाही वाचता येऊ लागला. आपला जोशी स्वतः जे मानून गणित करतो ते आपल्याला सांगत नाही, हे यजमानाला कळणे ही पृथ्वीच्या आकारापेक्षा कितीतरी गंभीर गोष्ट होती. पुण्याच्या उत्तरातील तातडी यातून अधिक चांगली उलगडते, असे मला वाटते.

येथे आप्तविचार उपस्थित होतो. न्यायसूत्रांच्या भाष्यात वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण दिले आहे. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी ती सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांना सारखेच लागू पडते. या वाक्याकडे आपल्या साहित्यचर्चेचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. कोपर्निकस म्लेच्छ आहे म्हणून त्याचे म्हणणे त्याज्य, असे निदान न्यायशास्त्राच्या आधाराने म्हणता येत नाही. वराहमिहिरानेही यवन ज्योतिषांना ऋषींप्रमाणे पूज्य मानले होते. शंकराचार्यांनी गीताभाष्यात तर स्पष्टच म्हटले आहे की अग्नी थंड आहे असे शंभर श्रुतींनी सांगितले तरी त्या त्या बाबतीत प्रमाण ठरणार नाहीत. प्रत्यक्षाचे क्षेत्र प्रत्यक्षाकडे, श्रुतीचे क्षेत्र श्रुतीकडे. शास्त्रे वाचलेल्या पंडिताला पुराणाचा भूगोल सोडून पुराणाची भक्ती ठेवणे यामुळे अशक्य नव्हते.

तरीही वात्स्यायनाच्या लक्षणात दुसरा भाग आहे : सांगण्याची प्रामाणिक इच्छा. येथे सिहोरचा पक्ष दुबळा होता. सुबाजी बापूंचा आश्रयदाता इंग्रज सरकारचा अधिकारी. त्याच काळात मुंबईत जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी पुराणांतील विसंगती दाखवून धर्मांतराचा प्रचार करीत होते. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांनी हिंदुधर्माचे समर्थन प्रसिद्ध केले आणि विल्सन यांनी १८३२ मध्ये त्याचे खंडन छापले. भूगोलात खोटे ठरलेले पुस्तक मोक्षाच्या बाबतीत कसे खरे मानावे, हा मिशनऱ्यांचा नेहमीचा प्रश्न. अशा वातावरणात पृथ्वी गोल आहे असे म्हणणाऱ्याला कोणी सांगावयास लावले, हा संशय वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक होते. विधान खरे होते, युक्तिवाद स्वकीय होता, परंतु विधान करणाऱ्याच्या पाठीमागे कोण उभे आहे हेही वाचक पाहत होता. त्याला केवळ अडाणी ठरवून भागणार नाही.

या संशयाला सुबाजी बापूंच्या पुढील लेखनाने जे उत्तर दिले ते अनपेक्षित आहे. १८३९ मध्ये जॉन म्यूर यांनी ‘मतपरीक्षा’ हे संस्कृत काव्य लिहून ख्रिस्ती धर्माची श्रेष्ठता प्रतिपादली. त्याला जी तीन संस्कृत उत्तरे मिळाली त्यांतील पहिले ‘मतपरीक्षाशिक्षा’ हे सोमनाथ या नावाने लिहिलेले आहे. रिचर्ड फॉक्स यंग यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात हा सोमनाथ म्हणजे सुबाजी बापूच असे प्रतिपादन केले आहे. ईश्वराने निरनिराळ्या लोकांना निरनिराळे धर्म दिले, म्हणून प्रत्येकाने आपल्या धर्मात राहावे, दुसऱ्याच्या धर्माची निंदा करू नये, अशी या सोमनाथाची शिकवण आहे. पुराणांतील मेरू नाकारणारा आणि धर्मांतरास विरोध करणारा पंडित एकच! आपल्या आजच्या दोन गोटांपैकी याला कोणत्या गोटात बसवावयाचे? त्याच वर्षी जातिभेदावर टीका करणाऱ्या ‘वज्रसूची’ची आवृत्ती विल्किन्सन यांनी काढली, तिच्याबरोबर छापलेल्या ‘लघुटंका’त याच सुबाजी बापूंनी तिच्याविरुद्ध जातिव्यवस्थेची बाजू घेतली. आश्रयदात्याचे मीठ खाऊन त्याच्या पुस्तकात त्याच्या मताविरुद्ध लिहिणाऱ्या माणसाला भाडोत्री म्हणता येत नाही. आणि भूगोलात पुरोगामी असलेला माणूस समाजविचारातही तसाच असेल, ही आपली समजूतही येथे टिकत नाही.

म्यूर यांना मिळालेले तिसरे उत्तर काशीतील तरुण महाराष्ट्रीय ब्राह्मण नीलकंठ गोरे यांचे. १८४४-४५ मधील त्यांच्या ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’ची भूमिका सुबाजी बापूंच्या अगदी उलट आहे. शास्त्राची परीक्षा करण्याचा अधिकार नुसत्या तर्काला नाही. आधी श्रद्धा, मग तिच्या मर्यादेत तर्क. बाबा जोशी रोडे यांच्या अविरोधवादात निदान दोन प्रमाणांचा संसार मांडलेला होता. गोरे यांच्या येथे एक प्रमाण दुसऱ्याचे स्वामी होते. वादाच्या दृष्टीने ही भूमिका अभेद्य, कारण प्रतिपक्षाला उभे राहावयास जागाच उरत नाही. १८४८ मध्ये गोरे यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या झाले. त्यानंतर त्यांनी हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहून सहाही दर्शनांचे तर्काने खंडन केले. १८६२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर कलकत्त्यास निघाले, तेव्हा सुबाजी बापूंच्या मराठी ग्रंथाला पंचवीस वर्षे होऊन गेली होती. आणि आदल्याच वर्षी, १८६१ मध्ये, विल्किन्सन यांनी केलेले ‘गोलाध्याया’चे भाषांतर, सिहोरच्या पाठशाळेत शिकून काशीस अध्यापक झालेल्या बापूदेव शास्त्री यांनी तपासून, त्याच शहरात छापून घेतले होते.