रॅकमधली रिकामी जागा

गेल्या उन्हाळ्यात इंडस्ट्रियल ट्रेनिंगसाठी मी आणि माझा रूम पार्टनर एका संस्थेच्या सर्व्हर रूममध्ये होतो. तिथल्या अर्ध्या रिकाम्या रॅकमध्ये सहा नवे सर्व्हर बसवायचं काम आमच्याकडे आलं. जागा भरपूर होती, म्हणून आम्ही दर दोन सर्व्हरमध्ये एकेक फट सोडली. यंत्रांना श्वास घ्यायला जागा हवी ना! तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यात वरचे दोन सर्व्हर आपोआप बंद पडले. एसी २० अंशांवर, खोली गारठलेली. मग वरचेच का तापले? उत्तर शोधताना जे शिकलो ते इथे मांडतो.

आधी मापं

सर्व्हरच्या रॅकची रुंदी १९ इंच म्हणजे ४८२.६ मिमी असते. उंची 'यू' या मापात मोजतात. १ यू म्हणजे १.७५ इंच, म्हणजे ४४.४५ मिमी. नेहमीचा रॅक ४२ यू उंचीचा असतो. वर स्विचसाठी २ यू सोडले तरी १ यू उंचीचे ४० सर्व्हर मावतात. पण मावणं वेगळं आणि चालणं वेगळं. हॉस्टेलच्या खोलीत परीक्षेच्या आदल्या रात्री दहा जण मावतातच की!

४० सर्व्हर, १६ किलोवॅट

एक सर्व्हर ४०० वॅट घेतो असं धरू. ४० सर्व्हरचे झाले १६ किलोवॅट. सर्व्हर काही वजन उचलत नाही, की चाक फिरवत नाही. त्यामुळे त्यात गेलेली जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे रेक्टर जप्त करतात तसे १००० वॅटचे १६ हीटर रॉड एका कपाटात चालू! १ टन एसी म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट. या एका रॅकलाच दीड टनाचे तीन एसी लागतील.

हवा किती लागेल? हवेची घनता १.२ किलो प्रति घनमीटर, विशिष्ट उष्णता सुमारे १००५ जूल प्रति किलो प्रति अंश. पुढून आत गेलेली हवा मागून १२ अंश तापून बाहेर पडते असं धरलं तर

१६००० ÷ (१.२ × १००५ × १२) = १.१ घनमीटर प्रति सेकंद.

गच्चीवरची हजार लिटरची टाकी डोळ्यांसमोर आणा. तेवढी हवा, आणि वर थोडी, दर सेकंदाला! १ यूच्या डब्यात साधारण ४० मिमीचेच पंखे बसतात, म्हणून ते प्रचंड वेगाने फिरवावे लागतात. सर्व्हर रूममधला तो कान किटवणारा आवाज त्यांचाच. पंख्याची वीज वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग १० टक्के वाढवला की वीज ३३ टक्के जास्त.

फटींचा घोटाळा

आता आमची चूक. सर्व्हर गार हवा पुढून ओढतो आणि गरम हवा मागे टाकतो. आम्ही सोडलेल्या फटींतून मागची गरम हवा पुन्हा पुढे येत होती आणि वर चढत होती. खालच्या सर्व्हरच्या तोंडाशी २२ अंश, तर वरच्याच्या तोंडाशी ३९! (अ‍ॅश्रे या संस्थेची शिफारस आहे १८ ते २७ अंश.) तिथले टेक्निशियन दादा हसून म्हणाले, "अरे, खिडक्या उघड्या टाकून एसी लावलाय तुम्ही." त्यांनी प्रत्येक फटीवर प्लॅस्टिकची साधी झाकणपट्टी बसवली. एसीला हात न लावता तासाभरात वरचं तापमान २७ वर आलं.

हाच विचार अख्ख्या खोलीला लागू होतो. रॅकच्या दोन रांगा तोंडाला तोंड करून ठेवायच्या, म्हणजे मधल्या गल्लीत गार हवा आणि पाठीमागच्या गल्लीत गरम. दोन्ही मिसळू द्यायच्या नाहीत.

वीज आणि वजन

प्रत्येक सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतात आणि ते दोन वेगळ्या लाइनवर जोडतात. सिंगल फेज ३२ अँपिअरची लाइन २३० व्होल्टला ७.३६ किलोवॅट देते, आपल्याला हवेत १६. म्हणून थ्री फेज: √३ × ४१५ × ३२ = २३ किलोवॅट. सतत ८० टक्केच वापरायचे म्हटले तर १८.४. जमलं. पण लक्षात ठेवा, एक लाइन गेली की सगळा भार दुसरीवर येतो. रोज दोन्हींवर ६० टक्के दिसत असेल, तर त्या दिवशी उरलेल्या लाइनवर १२० टक्के होणार आणि तीही ट्रिप. म्हणून प्रत्येकीवर ४० टक्क्यांच्या आतच.

सिव्हिलवाल्यांसाठी: १६ किलोचे ४० सर्व्हर, रिकामा रॅक १३०, केबल वगैरे ३०, एकूण ८०० किलो. रॅकखालची जागा ०.६ × १.०७ मीटर, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १२५० किलो. आपल्या आयएस ८७५ मध्ये राहत्या खोलीसाठी धरतात २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो. भार आजूबाजूला पसरतो हे खरं, पण स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय वरच्या मजल्यावर रॅक चढवू नये.

बसवताना

१) जड सामान खाली, हलकं वर. भरायची सुरुवात तळापासून.
२) एका वेळी एकच सर्व्हर रुळावर बाहेर ओढा. दोन ओढले तर रॅक अंगावर येऊ शकतो.
३) दर यूला तीन भोकं असतात. त्यांच्यातली अंतरं सारखी नसतात: ५/८, ५/८ आणि १/२ इंच. अर्ध्या इंचाच्या जोडीच्या मधोमध यूची हद्द येते. एक भोक चुकलं की वरचा सर्व्हर बसतच नाही. (हेही आम्ही करून पाहिलं!)
४) स्विचच्या पंख्यांची दिशा तपासा. तो उलटी हवा फेकत असेल तर सगळं मुसळ केरात.

आता एआयसाठी ७२ जीपीयूचा एकच रॅक सुमारे १२० किलोवॅट घेतो. तिथे हवा पुरत नाही, थेट चिपजवळ द्रव फिरवतात. तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या सुमारे ३५०० पट उष्णता वाहून नेतं. नवी मुंबईत डेटा सेंटर उभी राहत आहेत आणि तिथे फक्त कॉम्प्युटरवाले पुरणार नाहीत. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल, सगळेच लागतील. तेव्हा रॅकमध्ये रिकामी जागा दिसली की लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलू नका. आधी उष्णता, वीज आणि वजन, ही तीन गणितं कागदावर सोडवा. आणि फट राहिलीच, तर ती झाका!