खोटी फिर्याद आणि भरपाईचा दावा

बुलढाणा जिल्ह्यातील शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. बांधाची हद्द, विहिरीचे पाणी, शेतात जाण्याची वाट या कारणांवरून गावोगाव तंटे होतात. त्यांतील काही पोलीस ठाण्यापर्यंत जातात आणि क्वचित चोरीची वा मारहाणीची खोटी फिर्यादही दिली जाते. आरोपी पुढे निर्दोष सुटतो. परंतु वकिलाची फी, न्यायालयाचे हेलपाटे, बुडालेली मजुरी आणि गावात गेलेली पत यांची भरपाई कोणी करावी? या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे.

दाव्याचे आधार

द्वेषमूलक खटल्याबद्दल भरपाई मागण्याचा हक्क कोणत्याही एका कलमाने दिलेला नाही. तो न्यायनिर्णयांतून रूढ झाला आहे. दावा दिवाणी न्यायालयात दाखल करावा लागतो. त्यात वादीने पुढील गोष्टी सिद्ध करावयाच्या असतात :

(१) प्रतिवादीने वादीवर फौजदारी खटला केला.
(२) खटल्याचा शेवट वादीच्या बाजूने झाला.
(३) खटल्यास वाजवी व सबळ कारण नव्हते.
(४) प्रतिवादीचा हेतू द्वेषाचा होता.
(५) त्यामुळे वादीच्या अब्रूची, शरीरस्वातंत्र्याची किंवा धनाची हानी झाली.

खटला पोलिसांनी चालविला, एवढ्यावरून फिर्याद देणारा सुटत नाही. गयाप्रसाद विरुद्ध भगतसिंग या प्रकरणात १९०८ साली प्रिव्ही कौन्सिलने हा मुद्दा स्पष्ट केला. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन आणि बनावट साक्षीदार पुढे करून जो पोलिसांची दिशाभूल करतो, तोच खरा खटला चालविणारा ठरतो.

केवळ निर्दोष सुटणे पुरेसे नाही

समजा, शेतातील कापूस चोरीस गेला आणि रात्री त्या वाटेने जाताना दिसलेल्या शेजाऱ्यावर शेतकऱ्याने प्रामाणिकपणे संशय घेतला. पुराव्याअभावी शेजारी सुटला, तरी भरपाई मिळणार नाही. कारण संशयास आधार होता. मात्र चोरी झालीच नव्हती आणि बांधाच्या वादाचा सूड म्हणून फिर्याद दिली, असे सिद्ध झाल्यास प्रतिवादी जबाबदार ठरतो.

मुदत

मुदतीच्या १९६३ च्या कायद्यानुसार, निर्दोष सुटल्यापासून किंवा खटला अन्यथा संपल्यापासून एक वर्षाच्या आत दावा दाखल केला पाहिजे. अनेकांचा हक्क येथेच बुडतो. सरकारी अधिकाऱ्याने पदाच्या नात्याने केलेल्या कृतीबद्दल दावा असल्यास, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस आवश्यक असते. नोटिशीचा काळ मुदतीतून वगळला जातो.

अन्य उपाय

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २७३ अन्वये, आरोपास वाजवी कारण नव्हते असे आढळल्यास दंडाधिकारी फिर्यादीस कारणे दाखविण्यास सांगून भरपाईचा आदेश देऊ शकतात. ही रक्कम मिळाली तरी दिवाणी दाव्याचा मार्ग बंद होत नाही. मात्र दाव्यात ती हिशेबात धरली जाते. इजा करण्याच्या हेतूने खोटा आरोप करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४८ खाली गुन्हाही आहे. त्यास पाच वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आरोप अतिगंभीर गुन्ह्याचा असल्यास शिक्षा अधिक आहे.

गावाचे कर्तव्य

या कायद्याच्या धाकाने खऱ्या तक्रारदाराने गप्प बसू नये. प्रामाणिक फिर्यादीस त्यापासून भय नाही. निर्दोष सुटलेल्या ग्रामस्थास निकालाची प्रमाणित प्रत त्वरित घेण्यास आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जाण्यास पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी सांगावे. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अल्प उत्पन्न असलेले नागरिक यांना तेथे विनामूल्य वकील मिळू शकतो. वर्ष उलटण्यापूर्वी मिळालेला असा एक सल्लाही एखाद्या कुटुंबाची गेलेली पत परत मिळवून देण्यास उपयोगी पडेल.