डोंगर एक, वाटा अनेक : टास्क मॅनेजरची ओळख

आमचं गाव औंध. यमाईच्या डोंगरावर जायला पायऱ्या आहेत, तसा गाडीरस्ताही आहे. दर्शन एकच, वाट ज्याच्या त्याच्या गुडघ्यांवर! विंडोजमधल्या टास्क मॅनेजरचंही तसंच आहे. तो उघडायच्या वाटा बऱ्याच आहेत. पण कुठली वाट कधी चालते हे ठाऊक नसलं तर ऐन वेळी घात होतो. आमच्या घरी तो होता होता राहिला.

धाकट्या बहिणीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. मी इथं हॉस्टेलवर, ती औंधात. रात्री साडेदहाला फोन आला, "दादा, फोटो लहान करायला घेतला आणि सगळं अडकलं. कशावर क्लिकच घेत नाही. मागं फॉर्म अर्धा भरलाय!" पाठीमागून आण्णांचा आवाज, "बटण पाडून परत चालू करतो की. मोटर अडकली की स्टार्टर पाडतोच ना आपण?"

"आण्णा, थांबा! हात लावू नका!" मी एवढ्या जोरात ओरडलो, की शेजारच्या खोलीतली मुलं धावत आली.

बटण पाडलं तर मशीन चालू होईल, पण भरलेलं, न साठवलेलं सगळं जाईल. अडकला होता एकच प्रोग्राम. त्या एकाला बाहेर काढायचं, बाकीचे चालू ठेवायचे, हेच टास्क मॅनेजरचं काम. तो कुठला प्रोग्राम किती सीपीयू, किती मेमरी, किती डिस्क खातोय हे दाखवतो आणि नको त्याला थांबवतो.

आता वाटा बघू.

पहिली, टास्कबारच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून टास्क मॅनेजर निवडणं. सगळ्यांना माहीत असलेली. विंडोज ११ सन २०२१ मध्ये आलं तेव्हा ही सोय काढली होती, पुढं परत दिली. पण माउसच ऐकत नसेल तर ही वाट बंद.

दुसरी, विंडोजचं बटण आणि एक्स दाबून येणाऱ्या यादीतून. किंवा स्टार्टमध्ये नाव टाइप करून.

तिसरी, विंडोज आणि आर दाबून रनच्या चौकटीत टी-ए-एस-के-एम-जी-आर ही सात अक्षरं टाइप करून एंटर. कमांड प्रॉम्प्टमध्येही हीच अक्षरं चालतात.

चौथी, कंट्रोल, आल्ट, डिलीट. आयबीएमच्या १९८१ सालच्या पीसीसाठी डेव्हिड ब्रॅडली यांनी ही युक्ती काढली. आधी डिलीटच्या जागी एस्केप होतं, पण चुकून एका हातानं दाबलं जाऊन मशीन रीस्टार्ट व्हायचं, म्हणून दोन हात लागतील अशा कळा ठेवल्या. आजच्या विंडोजमध्ये या कळांनी मशीन रीस्टार्ट होत नाही, एक वेगळा पडदा येतो. हा इशारा थेट विंडोजच घेतं, मधला कुठलाही प्रोग्राम तो अडवू शकत नाही. म्हणून बाकी सगळं थिजलं तरी ही वाट बहुधा उघडी असते. मात्र त्याच यादीत साइन आउटही असतं, ते दाबलंत तर संपलं!

पाचवी, कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. ही सगळ्यात जवळची. तिन्ही कळा डाव्या हाताशी आणि टास्क मॅनेजर थेट समोर. तो मुळात लिहिला मायक्रोसॉफ्टच्या डेव्ह प्लमर यांनी, घरी बसून, हौसेनं. १९९६ च्या विंडोज एनटी ४ मध्ये तो लोकांपर्यंत पोचला.

बहिणीला मी पाचवी वाट सांगितली. चौकट आली. फोटोच्या प्रोग्रामसमोर 'नॉट रिस्पॉन्डिंग' लिहिलेलं. "एक मिनिट थांब," म्हटलं, कारण कधी कधी प्रोग्राम नुसता कामात असतो, मेलेला नसतो. मिनिट गेलं, हालचाल नाही. "आता खालच्या बाणाच्या कळीनं त्या नावावर ये. बरोबर तेच नाव आहे ना? मोठ्यानं वाच. आता डिलीट दाब." फोनवर दोन क्षण शांतता. मग, "दादा, फॉर्म दिसला! सगळं आहे!" फोटो मी इथून लहान करून पाठवला. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी फॉर्म गेला.

दोन सावधगिऱ्या. एन्ड टास्क केलेल्या प्रोग्राममधलं न साठवलेलं काम जातं, ते परत मिळेलच असं नाही. आणि ओळख नसलेल्या प्रक्रियेला हात लावू नका. 'क्लायंट सर्व्हर रनटाइम प्रोसेस'सारखी एखादी बंद केली तर अख्खं विंडोजच कोसळतं.

एक उपयोगाची गोष्ट. डेस्कटॉप आणि टास्कबार दोन्ही गायब झाले तर घाबरू नका. पाचव्या वाटेनं टास्क मॅनेजर उघडा, नवीन टास्क चालवायचा पर्याय घ्या, एक्सप्लोरर टाइप करा. सगळं जागेवर येतं.

लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमध्ये 'टॉप' टाइप करावं, बाहेर पडायला क्यू. अडकलेल्या प्रक्रियेचा क्रमांक बघून 'किल' आणि तो क्रमांक द्यावा. मॅकवर कमांड, ऑप्शन, एस्केप.

सुट्टीत घरी गेलो तर भिंतीवरच्या कालनिर्णयच्या कोपऱ्यात आण्णांच्या अक्षरात तीन शब्द : कंट्रोल, शिफ्ट, एस्केप. मला म्हणाले, "तीन वर्षं कॉम्प्युटर शिकतोयस. हे आधी का नाही सांगितलंस?"

उत्तर नव्हतं. म्हणून हा लेख. तुमच्या घरीही फोन करून सांगा, अडकायच्या आधी.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी