शाळा काढतेस, तर आधी स्वतःला बांधून घे

नागरा, जि. गोंदिया

चि. प्रज्ञा हिस,


तुझा आराखडा दोनदा वाचला. तुझ्या सासऱ्यांनी दिलेल्या धानाच्या बांध्यांवर तिसरी ते दहावीची निवासी शाळा, मुला-मुलींची वेगळी वसतिगृहे, आणि नवोदय, सैनिकी शाळा, शिष्यवृत्ती या परीक्षांची पहिल्या वर्षापासून तयारी. खर्चाचा हिशेब नीट मांडला आहेस, मैदान कुठे नि भोजनगृह कुठे हेही ठरवले आहेस. शाळेला काय काय असेल याची यादी लांबलचक आहे. शाळा चालवणाऱ्याला काय करता येणार नाही, याबद्दल मात्र त्यात एक ओळ नाही. माझे म्हणणे एवढेच की खासगी शाळेची लायकी या दुसऱ्या यादीवरून ठरते, आणि ती यादी पहिला विद्यार्थी येण्याआधी लिहावी लागते. नंतर ती लिहिण्याची इच्छा सहसा उरत नाही.

महाराष्ट्रातल्या खासगी शिक्षणाचा इतिहास पाहा. 1 जानेवारी 1880 रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यासाठी सरकारी नोकरी सोडली होती; टिळक, नामजोशी त्यांच्याबरोबर होते, आगरकर एम. ए. होऊन थोडे मागाहून आले. 1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली, 1885 मध्ये फर्ग्युसन कॉलेज. या मंडळींच्या त्यागाचे गोडवे आपण शाळेत असल्यापासून ऐकतो. पण त्या त्यागामागची रचना फारशी कोणी सांगत नाही. तिथे शिकवणारे आणि चालवणारे एकच होते. आजीव सदस्य व्हायचे तर ठरलेल्या वेतनावर वीस वर्षे सेवेची हमी द्यायची आणि त्या बदल्यात कारभारात मत मिळवायचे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी महिना 75 रुपयांवर ही मुदत भरली आणि 1902 मध्ये ते निवृत्त झाले. टिळक 1890 मध्ये बाहेर पडले, त्या भांडणाला स्वभावांचे आणि सामाजिक सुधारणेच्या वादाचे पदर होते हे खरे. पण कागदावरचा मुद्दा असा होता की आजीव सदस्याने बाहेरचे काम आणि बाहेरची कमाई करावी की नाही. एखाद्या संस्थेत इतकी मोठी माणसे नियमाच्या अर्थावरून एकमेकांपासून तुटतात, यावरून त्या नियमाला तिथे किती वजन होते ते कळते. फूट पडली, संस्था मात्र टिकली; कारण ती कोणा एकाच्या नावावर नव्हती.

तू म्हणशील, मामा, तो काळ वेगळा होता. 75 रुपयांत तेव्हा घर चालत होते. आज पाच आकडी पगाराशिवाय गणिताचा चांगला शिक्षक नागऱ्याला राहायला येणार नाही. अगदी बरोबर. म्हणूनच मी तुला शिक्षकांकडून त्याग मागायला सांगत नाही, उलट तो मागू नकोस असे सांगतो आहे. आज बऱ्याच खासगी शाळांत 1880 ची भाषा शिक्षकांना ऐकवली जाते आणि मालकीची भाषा घरात ठेवली जाते. विनाअनुदानित शिक्षकाने ध्येयवादाने कमी पगारावर राबावे आणि संस्थेच्या कार्यकारिणीत मात्र एकाच आडनावाची माणसे असावीत, ही पुण्याच्या त्या प्रयोगाची उलटी प्रत आहे. तिथे ज्याने कमी घेतले त्याच्याच हातात कारभार होता. तुला तसे आजीव सदस्य मिळणार नाहीत. तर निदान शिक्षकांच्या दोन निवडून आलेल्या प्रतिनिधींना कार्यकारिणीत मताचा हक्क दे, पगार बँकेतूनच आणि पूर्ण दे, आणि शाळेच्या शिलकीतला रुपयाही आपल्या घराकडे वळणार नाही असे घटनेत लिही.

आता वसतिगृहाकडे येतो, कारण निवासी शाळेचे खरे शिक्षण तिथेच होते. साताऱ्यात 1924 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह उघडले. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे उभी केली होती. त्या काळात तीच मोठी झेप होती. भाऊराव पुढे गेले आणि त्यांनी सगळ्या जातींच्या मुलांना एकाच स्वयंपाकघरात जेवायला बसवले. पैसे नव्हते, मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट आपले दागिने मोडले. भाऊरावांच्या 1940 च्या महाराजा सयाजीराव हायस्कुलात तर श्रम करून शिकणे हाच शाळेचा पाया झाला. याच्या शेजारी, आपल्याच हावड्याच्या रेल्वेमार्गावरचे रायपूरचे राजकुमार कॉलेज ठेव. 1882 मध्ये जबलपूरला निघालेली आणि 1894 मध्ये रायपूरला आलेली ही शाळा संस्थानिक आणि जमीनदारांच्या मुलांसाठी होती. इमारत, मैदाने, शिस्त यांत साताऱ्याच्या मुलांनी तिच्याशी बरोबरी करण्याचा प्रश्नच नव्हता. तरी या भागाला लागणारी माणसे कोणत्या नमुन्यातून जास्त निघाली, हे मी तुला सांगायला नको.

आक्षेप येणारच. फी भरणारे पालक म्हणतील, आमचा मुलगा ताटे धुवायला पाठवला नाही. काही जण याला बालमजुरी म्हणतील, आणि हा दुसरा आक्षेप हलका नाही. श्रमाचे शिक्षण कधी बिघडते? जेव्हा फुकट शिकणारी मुले झाडतात आणि पैसे भरणारी टेनिस खेळतात. काम सर्वांना सारखे, ठरलेल्या वेळेचे, अभ्यासाच्या तासाला धक्का न लावणारे असेल तर त्यातून मुलगा घडतो. तसे नसेल तर सरळ बंद कर. आता फुकट शिकणारी मुले तुझ्याकडे येणार कशी, ते पाहू. शिक्षणहक्क कायदा खासगी विनाअनुदानित शाळांना 25 टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवायला सांगतो, पण तो पहिलीच्या प्रवेशाबद्दल बोलतो. तू तिसरीपासून सुरू करते आहेस. हेतू तसा नसेल, तरी पळवाट आपोआप तयार झाली आहे. 2024 मध्ये राज्य सरकारने सरकारी वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातल्या खासगी शाळांना या जबाबदारीतून मोकळे करणारा नियम केला आणि उच्च न्यायालयाने तो त्याच वर्षी रद्द केला. म्हणजे ही तरतूद सैल करण्याचा मोह सरकारलाही होतो. तू कायद्याची वाट न पाहता चौथा हिस्सा जागा स्वतःहून ठेव, आणि कोण कोणत्या जागेवर आले हे वसतिगृहाच्या वहीत दिसणार नाही अशी व्यवस्था कर.

तयारीच्या जाहिरातीबद्दल मला सर्वांत जास्त काळजी आहे. नवेगाव बांधच्या नवोदय विद्यालयात सहावीला दरवर्षी जागा असतात ऐंशी, तेही सबंध जिल्ह्यासाठी. चंद्रपूरची सैनिकी शाळा 2019 मध्ये निघाली; तिथे राज्यभरातली मुले येतात. तुझ्या शाळेतली कितीही हुशार मुले धरली तरी पाचवीतले बहुसंख्य निवडले जाणार नाहीत, हे आजच माहीत आहे. निवडलेल्यांचे फोटो फलकावर लागतील, आणि उरलेली मुले त्या फलकाखालून सहावीत जातील. पालकांना निकाल हवा असतो, शाळा चालवायची तर तो दाखवावा लागतो, हे तुझे म्हणणे मला मान्य आहे. धान विकून फी भरणाऱ्या बापाने निकाल विचारू नये असे मी म्हणणार नाही. पण त्याला पूर्ण निकाल सांग: किती बसले, किती निवडले गेले, न निवडलेल्यांचे वाचन-गणित दोन वर्षांत कुठून कुठे आले. इंग्लंडात मोठ्या पब्लिक स्कुलांत मुलगा पोहोचवणाऱ्या खासगी पूर्वतयारी शाळांची जुनी परंपरा आहे. तिचा जीव पुढच्या शाळेच्या दारात अडकलेला असतो. तुझी शाळा दहावीपर्यंत आहे. जो मुलगा कुठेच निवडला जाणार नाही, त्याच्यासाठी ती पुरेशी असेल तरच ती शाळा. नाहीतर तो शिकवणीवर्ग, फक्त राहण्याची सोय असलेला.

एवढी बंधने कशाला, माझा हेतू चांगला आहे, असे तुला वाटेल. हेतूवर माझा अविश्वास नाही. पण हेतूला वारस नसतो. ईटन शाळा 1440 मध्ये सहाव्या हेन्रीने सत्तर गरीब विद्यार्थ्यांना मोफत शिकवण्यासाठी काढली होती, आणि पुढे तिचे नाव कशासाठी गाजले ते जग जाणते. आपल्याकडे इतका वेळही लागला नाही. 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडले. मुले परराज्यांत पैसे भरून शिकत होती, ती इथेच शिकावीत हे कारण खोटे नव्हते. पण एका पिढीत ‘शिक्षणसम्राट’ हा शब्द मराठीत रुळला. त्याउलट गोंदियात बिडी व्यवसायातून पुढे आलेल्या मनोहरभाई पटेलांनी 1958 मध्ये शिक्षणसंस्था काढली, तेव्हा या धानाच्या मुलखात शाळा गावाजवळ येणे हीच गरज होती. आज नागऱ्याजवळ शाळांचा दुष्काळ नाही. त्यामुळे आणखी एक शाळा का, याचे उत्तर तुला द्यावे लागेल, आणि ते इमारतीतून देता येणार नाही.

धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणीला जाण्याआधी घटनेचा मसुदा मला पाठव. त्यात विश्वस्तांच्या यादीत तू, तुझा नवरा, तुझे सासरे आणि मी अशी चार नावे घातली आहेस. पहिल्यांदा माझे काढ. मग सासऱ्यांशी बोल. त्यांना वाईट वाटेल, पण जमीन देणारा विश्वस्त असलाच पाहिजे असे कायद्यात कुठे नाही. त्या दोन जागांवर गावातली, आपल्या नात्यातली नसलेली माणसे घे, त्यातली एक बाई असू दे. 

तुझा,
मामा