परदेशी सेवेला निघण्यापूर्वी

घरचा मुलगा वा मुलगी शिक्षणाच्या किंवा मानवी हक्कांच्या कार्यासाठी स्वयंसेवक म्हणून परदेशी निघाली की आईबापांना अभिमान वाटतो, तसा घोरही लागतो. अशा वेळी आम्हांस त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हा यांचे स्मरण होते. चांदरचे हे विद्यार्थी पॅरिसला विद्युत्-अभियांत्रिकी शिकले. तेथेच त्यांनी हिंदुस्थानची कैफियत फ्रेंच वाचकांपुढे मांडली. १९२६ साली परतून १९२८ साली त्यांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापिली, आणि १९४६ साली पोर्तुगीज लष्करी न्यायालयाची शिक्षा पत्करली. परदेशी मिळविलेले त्यांनी घरच्यांच्या कामी लावले.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे २६ वे कलम शिक्षणाला हक्क म्हणते, दान नव्हे. म्हणून स्वयंसेवकाने उपकारकर्त्याच्या तोऱ्यात जाऊ नये. चार आठवडे लळा लावून निघून येणारा मुलांच्या पाटीवर अर्धाच धडा ठेवून येतो. निघण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे: तेथील भाषा येते काय? तेथील शिक्षकाच्या हाताखाली काम आहे काय? आपल्यामागे ते कोण चालवील?

१९६१ पूर्वी पेडणे-डिचोलीच्या कितीतरी मुलांना पुढील शिक्षणासाठी सावंतवाडी, बेळगाव वा मुंबई गाठावी लागे. परक्या गावी शिकणाऱ्याची अडचण आपल्या घरांना ठाऊक आहे. तीन प्रश्नांची उत्तरे नसतील, तर पहिले वर्ष आपल्याच गावच्या शाळेला द्यावे. तेथे कसाला उतरलेली सेवा मग कोठेही उपयोगी पडेल.