पायीं सहलीचीं वस्त्रें

शिरूर काय किंवा दौंड काय, आपला मुलूख कोरडा. आषाढांत सह्याद्रीवर पाऊस कोसळत असतां आपल्या शेतांवरून बहुधा नुसती ढगांची सांवली धांवते. त्यामुळें तीन-चार दिवसांच्या पायीं सहलीस भीमाशंकराकडे निघणारा विद्यार्थी अंगावरच्या सदऱ्यानिशीं जावयास तयार असतो, आणि त्याची आई पेटींतील सर्वांत जाड कोट काढून त्याच्या हातीं देते. आमच्या मतें दोघांचेंही चुकतें.

एका वर्षीं आमच्याबरोबरचा एक मुलगा असाच जाड सुती कोट घालून घाट चढला. चढतांना कोट आंतून घामानें भिजला, माथ्यावर बाहेरून पावसानें भिजला. विसाव्यास बसलों तों वारा सुटला. मुलगा प्रथम कुडकुडूं लागला, मग मुकाट झाला, आणि विचारलेल्या प्रश्नास भलतींच उत्तरें देऊं लागला. हें लक्षण भयंकर होय. अशा वेळीं ‘दमला असेल, बसूं द्या त्याला’ असें म्हणणें जिवावर बेतूं शकतें. आम्हीं आडोसा पाहून त्याचे ओले कपडे उतरविले, कोरडे घातले, त्यास घोंगडींत गुंडाळिलें, आणि त्याला नीट गिळतां येतें असें पाहून गरम गोड चहा थोडाथोडा पाजला. बऱ्याच वेळानें तो सरळ बोलूं लागला, तेव्हां कोठें आमच्या जिवांत जीव आला.

आतां गणित पाहा. दौंड समुद्रसपाटीपासून सुमारें 500 मीटर उंच, भीमाशंकर सुमारें 1000 मीटर. हजार मीटर चढल्यास हवा सरासरी साडेसहा अंशांनीं थंड होते. म्हणजे नुसत्या उंचीचा फरक तीन-साडेतीन अंशांचा. एवढ्यानें कोणी गारठत नाहीं. माणसास गारठवितात ते ओल आणि वारा. अंगास ऊब देते ती कापडांत अडकलेली स्तब्ध हवा. कापड भिजलें कीं तिची जागा पाणी घेतें, आणि पाणी हवेच्या सुमारें 25 पट वेगानें उष्णता वाहून नेतें. सुती कापड भिजल्यावर अंगास चिकटतें व लवकर वाळत नाहीं. लोंकरीचा तंतु कुरळा; तो भिजूनही कांहीं हवा धरून ठेवितो.

आपल्याकडील धनगरांस हें शाळेवांचून ठाऊक आहे. दिवाळीनंतर मेंढरें घेऊन कोंकणाकडे जाणारा धनगर घोंगडी अंथरतो, पांघरतो, पाऊस आला कीं तिचीच खोळ करून डोक्यावरून घेतो, आणि ऊन पडलें कीं घडी करून खांद्यावर टाकितो. (भिजलेली घोंगडी फार जड होते, लहान मुलांनीं ती वाहण्याचा हट्ट धरूं नये.) यवत व वरवंड या मुक्कामांवर तुकोबांच्या पालखीबरोबर येणारे वारकरी पाहा: सर आली कीं प्लास्टिकचा कागद डोक्यावर, सर गेली कीं घडी करून पिशवींत.

तेव्हां पालकांस आमची विनंति अशी कीं, एक जाड कोट न देतां पातळ पातळ कपडे द्यावे. अंगालगत खेळाच्या सदऱ्यासारखा लवकर वाळणारा सदरा. त्यावर लोंकरीचे दोन पातळ स्वेटर, म्हणजे एक काढून एक ठेवितां येतो. सर्वांवर वारा व पाऊस अडविणारा रेनकोट. कानटोपी व लोंकरीचे मोजे विसरूं नयेत. चढ लागण्यापूर्वींच स्वेटर उतरवावा, घाम येण्याची वाट पाहूं नये. आणि थांबल्याबरोबर, थंडी वाजण्याआधींच, तो पुन्हा चढवावा. मुलें नेमकें याच्या उलट करितात.

याखेरीज एक जोड प्लास्टिकच्या पिशवींत घट्ट बांधून ठेवावा. तो केवळ रात्रीचा. दिवसा कितीही भिजलों तरी त्यास हात लावूं नये, मात्र कोणी वरच्यासारखा गारठला तर क्षणाचाही विचार करूं नये. सकाळीं तो पुन्हा पिशवींत घालून कालचा ओलसर सदराच अंगावर चढवावा लागतो. पहिलीं दहा पावलें अंगावर कांटा येतो. पुढें चालण्याच्या उबेनें सदरा अंगावरच वाळतो.