जे फक्त तिथेच आहे ते आधी बघ

चि. ओंकार,



दिवाळीनंतर तू मित्रांबरोबर मॉरिशसला निघतो आहेस हे दादाकडून कळलं. तू पाठवलेला बेतही वाचला. पॅरासेलिंग, बनाना राइड, स्पीडबोट, पुन्हा पॅरासेलिंग. अरे, हे सगळं तारकर्लीला मिळतं, कळंगुटला मिळतं. एवढा समुद्र ओलांडून जातो आहेस, तर जे जगात फक्त तिथेच आहे ते आधी बघ. उरलेल्या वेळात काय हवं ते कर.

ते बेट आपल्याला परकं नाही. ज्या तप्त स्थानातून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहून दख्खनचं पठार आणि आपला सह्याद्री झाला, त्याच स्थानातून फार नंतर, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस समुद्रातून वर आलं. भारताची भूमी उत्तरेकडे सरकत गेली, खालची चूल मात्र पेटतीच राहिली. म्हणून तिथल्या डोंगराचा काळा दगड हातात घेतलास तर राजगडाच्या वाटेवरचा वाटेल.

पण ते बेट भर समुद्रात उगवलं. तिथे जे पोचलं ते उडत किंवा तरंगत. वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी तिथे आपणहून गेला नाही. म्हणूनच डोडोसारखा न उडणारा पक्षी तिथे निर्धास्त वाढला, आणि माणूस, डुकरं, उंदीर, माकडं आल्यावर सतराव्या शतकातच संपला. आज विमानातून जी हिरवाई दिसेल ती बहुतेक उसाची. चांगलं मूळ जंगल दोन टक्केसुद्धा उरलेलं नाही. ते बघायला दोन दिवस राखून ठेव.

पहिला दिवस ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानाला दे. पेत्रँ इथून सकाळी लवकर निघा आणि माकाबेच्या वाटेने खाली दरीत उतरा. गाडी वर ठेवू नका, खाली बोलावून घ्या, नाहीतर तोच चढ परत चढावा लागेल. ८२८ मीटरचं तिथलं सर्वांत उंच शिखरही याच डोंगरात आहे. त्याची वाट सोपी आहे, फक्त शेवटचा टप्पा दोर धरून चढायचा. वर बघत चाला. मॉरिशसचा खरुची, म्हणजे तिथला केस्ट्रल, १९७४ साली रानात अवघे चार उरले होते. जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरट्यांतली अंडी उचलून पिल्लं हाताने वाढवली आणि पुन्हा रानात सोडली. आज ते काही शेकड्यांत आहेत. गुलाबी कबुतर १९९० च्या सुमारास दहाच्या आसपास उरलं होतं, तेही असंच वाचलं. यातला एक जरी पक्षी दिसला तरी माझ्या मते सगळ्या सहलीचे पैसे वसूल झाले.

दुसरा दिवस आग्नेय किनाऱ्यावरच्या इल ओ एग्रेतचा. जेमतेम २६ हेक्टरांचं बेट. वाटाड्याबरोबरच जाता येतं, म्हणून आधी नोंदणी कर. डच लोकांनी तिथलं काळं लाकूड, एबनी, तोडून नेलं. मूळची महाकाय कासवंही नामशेष झाली, आणि त्यांच्याबरोबर एबनीची फळं खाऊन बी पसरवणारंच कुणी उरलं नाही. म्हणून अल्डाब्रा बेटावरची कासवं आणून सोडली, आणि त्यांच्या विष्ठेतून आता एबनीची रोपं पुन्हा उगवू लागली आहेत. कासवांच्या पाठीवर हात ठेवून फोटो काढू नकोस. २०२० मध्ये वाकाशियो जहाज इथून जवळच प्रवाळावर चढलं आणि तेल पसरलं, तेव्हा गावकऱ्यांनी उसाची पाचट कापडात भरून तेल अडवणाऱ्या माळा शिवल्या. वाटाड्याला त्याबद्दल जरूर विचार.

या दोन दिवसांखेरीज ल मॉर्नचा सुळका चढणार असशील तर पहाटे निघ. वरचा टप्पा उभा कडा आहे. सह्याद्रीत फिरलेला असलास तरी माणूस सोबत घे, आणि पावसाने दगड ओला असेल तर मुकाट्याने परत फीर. तो ५५६ मीटरचा कडा म्हणजे पळालेल्या गुलामांचा आसरा होता. आवाज खाली ठेवून चढावं अशी ती जागा आहे. शामारेलची सात रंगांची माती वाटेवरच आहे. लाव्हा कुजून उरलेल्या लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचे ते रंग. छान आहे, अर्धा तास पुरे.

आता समुद्र. बेटाभोवती प्रवाळाची भिंत आहे आणि तिच्या आतलं पाणी शांत असतं. भिंतीला जिथे खिंडार आहे तिथे ओढ भयंकर असते, म्हणून कुठेही उतरण्यापूर्वी कोळ्यांना विचार. दक्षिणेला ग्री-ग्रीपाशी भिंतच नाही, तिथे फक्त उभं राहून लाटा बघायच्या, पाय भिजवायलासुद्धा उतरायचं नाही. स्नॉर्केलिंग ब्लू बेच्या सागरी उद्यानात कर. पायात रबरी बूट घाल, कारण तळाशी समुद्री साळू आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो. प्रवाळावर मात्र बुटानेही उभं राहू नकोस, ते जिवंत असतं. तामारँच्या खाडीत सकाळी डॉल्फिन येतात ते रात्रभर शिकार करून विश्रांतीला. त्यांना घेरणाऱ्या बोटींच्या गर्दीत तू असू नयेस असं मला मनापासून वाटतं. लांब थांबणारा नावाडी शोध, मिळाला नाही तर डॉल्फिन सोडून दे.

जाता-येता उसाच्या मळ्यांत काळ्या दगडांचे उंच ढीग दिसतील. ते गिरमिटिया मजुरांनी हातांनी वेचून रचलेत, आणि त्या मजुरांत आपल्या कोकणातली माणसंही होती. त्यांच्या वंशजांमुळेच आज तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. कुणी मराठी आडनावाचा भेटला तर दोन शब्द बोलून ये.

जानेवारी ते मार्च वादळांचे महिने, तू त्याआधी जातो आहेस हे उत्तम. इल ओ एग्रेतची नोंदणी मात्र याच आठवड्यात कर, आणि तुझ्या त्या बेतातलं दुसरं पॅरासेलिंग खोडून टाक.

तुझी,
आत्या